फॉर्मपासून मसुद्यापर्यंत

माझ्या ब्लॉगवर मी बोलीभाषांतील शब्दांच्या नोंदी प्रसिद्ध करतो. पूर्वी हे शब्द वाचकांकडून व्हॉट्सॲपवर, ई-मेलने, कधी फोनवर येत. ते उतरवून घेण्यात संध्याकाळ जाई आणि तरीही शब्द नेमका कोणत्या गावचा, हे विचारायचे राहून जाई. म्हणून मी एक गूगल फॉर्म तयार केला आणि त्यात भरलेली माहिती माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसवर आपोआप मसुदा म्हणून उतरेल अशी जोडणी केली. त्यासाठी प्रोग्रॅमिंग करावे लागले नाही. जोडणी एका दुपारी झाली, फॉर्ममधील प्रश्न ठरवायला मात्र तीन आठवडे लागले, आणि तो वेळ योग्य ठिकाणी खर्च झाला असे मी मानतो.

जोडणीची रचना साधी आहे. फॉर्म भरला गेला की त्याची उत्तरे जोडलेल्या गूगल शीटमध्ये नव्या ओळीत जमा होतात. ती नवी ओळ पाहून पुढचे काम सुरू करणारी सेवा मधे बसवावी लागते. झॅपियर आणि पूर्वी इंटिग्रोमॅट नावाने ओळखली जाणारी मेक या सेवा त्यासाठी प्रसिद्ध आहेत; मी २०१९ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली एन-एट-एन (n8n) निवडली, कारण ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते आणि वाचकांची माहिती आणखी एका कंपनीच्या हाती जात नाही. ही सेवा दर तासाला शीट पाहते, नवी ओळ आढळली की तिच्यातील कॉलम वर्डप्रेसच्या शीर्षक, मजकूर आणि वर्ग (कॅटेगरी) या रकान्यांत भरते. वर्डप्रेसच्या बाजूने हे शक्य झाले ते डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीमुळे, कारण बाहेरच्या प्रणालींना लेख लिहिण्यासाठी लागणारे दार त्या आवृत्तीपासून मूळ वर्डप्रेसमध्येच आले; आणि डिसेंबर २०२० मधील ५.६ पासून अशा प्रत्येक प्रणालीला वेगळा ॲप्लिकेशन पासवर्ड देता येऊ लागला, जो मूळ पासवर्डला धक्का न लावता केव्हाही रद्द करता येतो.

हा पासवर्ड स्वतःच्या ॲडमिन खात्यातून काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी जोडणीसाठी वेगळे खाते उघडले आणि त्याला काँट्रिब्यूटर एवढीच भूमिका दिली. या भूमिकेतील खात्याला लेख लिहिता येतो, प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे माझ्याकडून एखादे सेटिंग चुकले तरी वर्डप्रेसच ते प्रकाशन नाकारते. वाचकाने पाठवलेली नोंद कोणीही न वाचता लोकांपुढे जाऊ नये, ही काळजी माझ्या सावधपणावर सोडण्यापेक्षा प्रणालीच्या नियमावर सोपवलेली बरी.

आता प्रश्नांकडे वळतो. पहिल्या फॉर्ममध्ये मी जिल्हा लिहायला मोकळी जागा ठेवली होती, आणि एकाच जिल्ह्याची चार-चार लेखने आली. शिवाय २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली असल्याने जुनी आणि नवी नावेही सरमिसळ येत होती. आता तेथे महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांची यादी आहे, तिच्याखाली गोवा, आणि त्याखाली बडोदे, इंदूर, तंजावर यांच्यासाठी ‘महाराष्ट्राबाहेर’ हा पर्याय. यादीतील प्रत्येक नावाला वर्डप्रेसमधील एक वर्ग ठरवून दिलेला आहे. गावाचे नाव मात्र मोकळेच ठेवले, कारण लोक आपल्या गावाचे नाव जसे उच्चारतात तसे ते लिहितात आणि बोलीच्या अभ्यासात तीही माहितीच असते.

देवनागरीमुळे येणाऱ्या अडचणी मला इंग्रजी मार्गदर्शकांत कुठे सापडल्या नाहीत, म्हणून त्या जरा सविस्तर लिहितो. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा वेब-पत्ता तयार करते आणि त्याची लांबी २०० चिन्हांपर्यंत मर्यादित ठेवते. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात नऊ चिन्हे घेते, काना-मात्राही स्वतंत्रपणे नऊ घेतात. म्हणजे बावीसएक अक्षरे-मात्रांतच जागा संपते आणि पत्ता मध्येच तुटतो. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर तर देवनागरी शीर्षक पत्त्यात येतच नाही, ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि फार तर पुढे आकडा एवढेच उरते. यासाठी मी जोडणीतच पत्त्याचा रकाना वेगळा भरतो: रोमन लिपीतील एक छोटा शब्द आणि शीटमधील ओळीचा क्रमांक.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाडी’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो, तसाच ‘ॲ’ही, डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी वाटतात. एकच शब्द पुन्हा आला तर तो आपोआप गाळावा अशी पायरी मी बसवली होती, ती या कारणाने अनेकदा फसली. मी ती काढून टाकली.

चूक म्हणावी अशी एक गोष्ट माझ्याकडूनही घडली. ‘शब्दाचा अर्थ’ हा प्रश्न वाचकांना तुटक वाटतो म्हणून मी त्याचे ‘या शब्दाचा तुमच्याकडे काय अर्थ होतो?’ असे केले. शीटमधील कॉलमचे नाव त्याबरोबर बदलले, जोडणी जुनेच नाव शोधत राहिली, आणि आठवडाभर अर्थाविना मसुदे येत राहिले. उत्तरे शीटमध्ये सुरक्षित होती, म्हणून काही गमावले नाही. आता प्रश्नाचे शीर्षक मी बदलत नाही. जे समजावायचे ते प्रश्नाखालच्या वर्णनात लिहितो.

पुष्कळ फॉर्म नातवंडे भरतात आणि शब्द आजीचा असतो. म्हणून ‘शब्द कोणाकडून ऐकला’ आणि ‘त्यांचे नाव छापण्यास त्यांची संमती आहे का’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर नावाचा कॉलम मसुद्यात जातच नाही. फोन क्रमांक आणि ई-मेल तर कोणत्याही परिस्थितीत शीटच्या पुढे सरकत नाहीत.

परवा सकाळी दोन मसुदे एकाखाली एक उभे होते, दोन्हींचे शीर्षक ‘खळं’. एक सोलापूरकडून आलेला, त्यात खळं म्हणजे धान्याची मळणी करण्याची जागा. दुसरा सिंधुदुर्गातून, तेथे खळं म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. गाळणीची पायरी अजून असती तर दुसरा मसुदा मला दिसलाच नसता. दोन्ही पाठवणाऱ्यांना मी फोन केला, सिंधुदुर्गातील बाईंनी भातझोडणीही त्याच खळ्यात होत असे हे सांगितले, आणि मग दोन्ही मसुद्यांची मिळून एक नोंद मी हाताने लिहायला घेतली.