हायब्रिड सस्पेन्शन: पुढे डबल विशबोन, मागे सलग ॲक्सल (बांधणीची नोंद)

लेगो टेक्निकमधून बांधत असलेल्या, दगड चढणाऱ्या छोट्या गाडीचा सांगाडा आता चारही चाकांवर उभा आहे आणि स्वतःच्या ताकदीने चढतो आहे. मांडणी 2020 च्या थारमध्ये किंवा 2021 च्या गुरखामध्ये आहे तीच: पुढे स्वतंत्र डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), मागे लिंकांवर, म्हणजे जोडदांड्यांवर, धरलेला सलग ॲक्सल. टायर 94.8 × 44 मिमी, चालवायला एक एक्सएल मोटर, स्टिअरिंगला सर्वो मोटर, चारही टोकांना पोर्टल हब (चाकाजवळच वेग कमी करणारी गिअरची जोडी). बॅटरीसह वजन 1900 ग्रॅम. त्यातले 1080 पुढच्या चाकांवर आणि 820 मागच्या.

आधी गिअरचा हिशेब, कारण हायब्रिड मांडणीत पहिली चूक इथेच होते. पुढे डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) हवा, मागे तो नको. म्हणून हात सहज पुढे 28 दाती डिफरेन्शियलकडे आणि मागे नेहमीच्या 20 दाती बेव्हलकडे जातो. पण मग 12 दाती पिनिअनवर पुढचं प्रमाण 2.33 आणि मागचं 1.67 होतं. दोन्ही ॲक्सल एकाच शाफ्टवर असल्यामुळे ते एकमेकांना ओढत राहतात, शाफ्टला पीळ बसतो आणि सगळ्यात कमजोर गिअर टकटक वाजायला लागतो. यावर उपाय म्हणजे मागे 28 दाती डबल बेव्हल गिअर सरळ आरपार ॲक्सलवर बसवणं. मग दोन्हीकडे 12:28 होतं, त्यात पोर्टलमधलं 8:24 धरून वेगातली एकूण घट 7 पट. एक्सएल मोटर विनाभार मिनिटाला साधारण 220 फेरे घेते, म्हणजे चाकाला 31 फेरे आणि वेग सेकंदाला जास्तीत जास्त 15-16 सेंटिमीटर. दगड चढायला एवढाच वेग योग्य.

पुढचे आर्म 7 भोकांच्या बीमचे आहेत, दोन्ही पिव्हटमध्ये 48 मिमी. वर 20 अंश आणि खाली 15 अंश फिरू दिले तर चाकाला साधारण 29 मिमी हालचाल मिळते. वरचा आणि खालचा आर्म सारख्याच लांबीचे आणि समांतर ठेवलेत. युनिव्हर्सल जॉइंटचं (शाफ्टला कोनात वळूनही फिरू देणाऱ्या सांध्याचं) केंद्र आर्मच्या पिव्हटच्या रेषेतच यायला हवं. ते एक स्टड (लेगोचं माप, 8 मिमी) जरी आत-बाहेर गेलं तरी चाक वर गेल्यावर हाफ शाफ्ट एकतर अडकतो नाहीतर निसटतो. दोन्ही जॉइंटच्या मधल्या शाफ्टकडच्या काट्यांची दिशा एकच ठेवा. 20 अंशांवर एका जॉइंटमुळे वेग सुमारे 6 टक्के वर-खाली होतो. काटे जुळवले तर दुसरा जॉइंट तो फरक भरून काढतो, 90 अंशांनी चुकले तर तो दुप्पट होतो आणि गाडी हळू चालवताना चाक हिसके देतं.

स्प्रिंग निवडताना रंगावर किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पुढच्या एका चाकावर 540 ग्रॅम येतात. चाक, हब आणि आर्मचा वाटा 120 धरला तर स्प्रिंगने पेलायचे उरतात 420. शॉकचं खालचं टोक आर्मच्या पिव्हटपासून चौथ्या स्टडवर आहे, म्हणजे 32 मिमीवर. 48 पैकी 32, म्हणून शॉकवर येणारा भार दीडपट, 630 ग्रॅम. शॉक काट्यावर उभा धरा आणि एकूण हालचालीच्या एक तृतीयांश दबेपर्यंत दाबा. काटा 630 च्या आसपास दाखवत असेल तर तो शॉक बरोबर. निम्मंच दाखवत असेल तर प्रत्येक आर्मला दोन लावा. शॉक एक स्टड आत सरकवला की चाकाजवळची ताठरता जवळजवळ निम्म्यावर येते, कारण इथे प्रमाणाचा वर्ग लागतो. म्हणून बारीक जुळवणी नेहमी भोक बदलून करावी, स्प्रिंग बदलून नव्हे.

मागच्या ॲक्सलवर जास्त वेळ द्यावा लागतो. खाली दोन समांतर लिंक, वर दोन व्ही आकारात. पॅनहार्ड रॉड (ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून लावतात तो आडवा रॉड) मुद्दाम टाळला: 80 मिमीचा रॉड 16 मिमी वर गेला की ॲक्सल 1.6 मिमी बाजूला सरकतो, आणि तेवढ्यात टायर शॉकला घासतो. व्हीमध्ये ही भानगड नाही. पण व्ही अरुंद झाला तर पिनांमधल्या फटी ॲक्सलला आडवं हलू देतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ज्याला प्ले म्हणतात तो इथे प्रत्येक सांध्यात थोडा थोडा साठतो. त्यामुळे वरच्या लिंकांची पुढची टोकं चेसिसवर जमतील तेवढी लांब-लांब ठेवलीत.

वरच्या लिंकांचे बॉल सॉकेट निसटतात, त्याचं कारण असं. एक्सएलचा जोर सुमारे 14.5 न्यूटन-सेंटिमीटर. सात पटीने 101, त्यातला निम्मा मागे, म्हणजे 50. हा जोर ॲक्सलचं घर उलटं फिरवू पाहतो आणि त्याला अडवतात वरच्या लिंका. वरच्या आणि खालच्या लिंकांत 3 स्टडचं अंतर असेल तर त्यांच्यावर मिळून 21 न्यूटन येतात. 5 स्टड केलं की साडेबारा. आता 5 स्टड ठेवलंय, तेव्हापासून सॉकेट जागेवर आहेत. गुळगुळीत फरशीवर ही कमजोरी दिसत नाही, कारण चाक आधीच घसरतं. पन्हाळ्याच्या माथ्यावर आहे तसला खडबडीत जांभा घ्या, दोन चिरे तिरके मांडा आणि त्यावर चढवा. टायर पकड सोडत नाही आणि पूर्ण जोर लिंकांवर येतो. चाचणीनंतर पोर्टलमधली लाल भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. 8 दाती गिअरच्या दातांत ती चिकटून राहिली तर घर्षण लगेच वाढतं.

घट शाफ्टच्या आधी न करता शेवटी, ॲक्सलवर ठेवण्याचं कारणही हेच मागचं टोक. शाफ्टचा पीळ सलग ॲक्सलविरुद्ध बॉडीला एका बाजूला झुकवतो. पुढे हा त्रास नाही, तिथे डिफरेन्शियल चेसिसलाच बसवलेला आहे. ही 7 पट घट शाफ्टच्या आधी केली असती तर तो झोकही 7 पट झाला असता.

राहता राहिला समतोल, हायब्रिडचा खरा कस तिथे लागतो. पुढची बाजू बॉडी सरळ धरेल आणि दगडाप्रमाणे तिरकं होण्याचं काम मागचा ॲक्सल करेल, अशी वाटणी हवी. म्हणून मागचे शॉक 14 स्टडवरून 10 स्टड अंतरावर आणले. त्याच स्प्रिंगवर मागची झुकण्याविरुद्धची ताठरता निम्म्यावर आली, आणि तिरक्या चिऱ्यावर पुढचं चाक उचलणं थांबलं. पुढचा डिफरेन्शियल उघडा असल्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे, तिथे एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही.

बाकी आहे स्टिअरिंग. चाक पूर्ण खाली लोंबलं की टो (वरून पाहिल्यावर दिसणारी चाकाची दिशा) थोडा बाहेर जातो, म्हणजे टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) आर्मला समांतर राहत नाही. रॅक अर्धा स्टड खाली घ्यायचा आहे. त्यासाठी सर्वोचा कंस पुन्हा बांधावा लागेल, आणि तो पुढच्या शॉकच्या वरच्या टोकाला अडतो. शॉक 15 अंश आत कलवला तर जागा होते. कलण्याने भारातला फरक फक्त साडेतीन टक्के, त्यामुळे तेच भोक चालेल.