आईसाठी राजदूतला साइडकार

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मोटरसायकलवर मागे पाय टाकून बसणं तिच्यासाठी कायमचं बंद झालं. दवाखान्यात, बाजारात ती रिक्षाने जायची. पण नृसिंहवाडीला जायचं म्हटलं की तिला आमची राजदूतच आठवायची. वडील तिला दर पौर्णिमेला त्याच गाडीवरून न्यायचे. १९८४ ची राजदूत १७५, वडील गेल्यापासून पडवीत गोणपाटाखाली उभी होती. एका रविवारी मी गोणपाट काढलं आणि टाकी हलवून बघितली. आत गंजाच्या खपल्या खुळखुळल्या. गाडी चालू करायची आणि डाव्या अंगाला साइडकार जोडायची, हे मी त्या दिवशीच ठरवलं.

सुरुवात कागदांपासून केली. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार धरलेली आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही ते ठामपणे सांगितलं आहे. म्हणून चॅसिस कापायची नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, साइडकार बोल्टवर बसेल आणि बोल्ट काढले की सुटेल अशीच करायची, हे आधी पक्कं केलं. हाताने काढलेलं ड्रॉइंग घेऊन आरटीओत विचारून आलो, आणि काम झाल्यावर तपासणी करून आरसी बुकात नोंद करून घेतली. हेलपाटे पडले, पण विमा आणि अपघात या दोन गोष्टी डोळ्यासमोर ठेवल्या तर ते टाळण्यासारखे नाहीत.

राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल एम ११ या मोटरसायकलवरून एस्कॉर्ट्स कंपनीने घेतलेली गाडी. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून फिरणारी ही गाडी आमच्या कोल्हापूर भागातल्या कुणालाही ओळखीची. साइडकारच्या दृष्टीने तिची मोलाची गोष्ट म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क. आमच्या गाडीला टेलिस्कोपिक शॉकअप नाहीत. चाक पुढे रोखलेल्या दोन आर्मवर बसतं, आणि साइडकारमुळे आडवा जोर आला तरी ही रचना सहज पीळ खात नाही.

इंजिन शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे नेलं. बोअर करून नवा पिस्टन बसवला, ठिणगी पाडणारे पॉइंट-कंडेन्सर बदलले, सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढला. तरीही गाडी चालू केली की रेस चढायची आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी उतरायची नाही. मी कार्बोरेटर तीनदा खोलला. मेस्त्रींनी नुसतं कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “सर, कार्बोरेटर सोडा आता. क्रँकचं सील वारं खातंय.” टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत येतं. तिथलं सील कडक होऊन वारं आत शिरलं की मिश्रण पातळ होतं, रेस चढते आणि इंजिन तापून पिस्टन जाम होतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील काढलं तर बांगडीसारखं कडक. नवं बसवल्यावर गाडी पूर्वीसारखी फटफटायला लागली. आई आतल्या खोलीतून काठी टेकत दारापर्यंत आली.

साइडकारचं चाक कुठलं घ्यायचं, यावर मी पंधरा दिवस घालवले असतील. मोटरसायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, साइडकारचं एकाच बाजूने धरावं लागतं. अशी रचना तयार मिळते ती जुन्या बजाज चेतक स्कूटरच्या पुढच्या चाकात. म्हणून भंगारातून चेतकचं पुढचं हब, आर्म आणि शॉकअप असा सगळा संच उचलला. दहा इंची चाक हलकं असतं, टायर कुठेही मिळतो आणि हबमध्ये ब्रेक आयताच येतो. त्या ब्रेकची केबल मी पायाच्या ब्रेकला जोडली. चौकट ३२ मिलिमीटरच्या सीमलेस पाइपची केली. इंजिनाखालून एक वेगळी उपचौकट नेली, ती मूळ बोल्टांच्या जागीच आवळली आणि साइडकार तिला चार ठिकाणी धरली, दोन खाली आणि दोन वर.

बॉडीसाठी मी लग्नातल्या ट्रंका करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. ट्रंकांचं काम आता फारसं राहिलं नाही, दुकानात बादल्या आणि धान्याच्या कोठ्याच जास्त. मी होडीच्या आकाराचं कार्डबोर्डचं मॉडेल पुढे ठेवलं. त्यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि विचारलं, “यात कोण बसणार?” आई म्हटल्यावर म्हणाले, “मग धार कुठंच राहायला नको.” वीस गेजचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ते कडेकडून आत ठोकत जायचे, मध्येच थांबून तळहात फिरवायचे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्यांच्या हाताला लागायचा. नाकाचा गोलवा येण्यासाठी चार तुकडे जोडावे लागले आणि प्रत्येक कडा त्यांनी तार घालून वळवली. ट्रंकेच्या झाकणाला वळवतात तशीच.

सीटची उंची घरातच मोजली. ज्या खुर्चीतून आई कुणाच्या आधाराशिवाय उठते ती जमिनीपासून साडेअठरा इंच. साइडकारची सीट बरोबर तेवढ्यावर ठेवली आणि डाव्या बाजूला दार केलं. आधी बसायचं, मग वळून पाय आत घ्यायचे.

खरी परीक्षा जुळणीची. साइडकारचं चाक मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या आसापेक्षा थोडं पुढे लागतं, मी ते २०० मिलिमीटर पुढे ठेवलं. दोन्हीकडची चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे किंचित वळलेली हवीत. खिडक्यांना वापरतात तो अॅल्युमिनियमचा सरळ सेक्शन दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवून विटांवर ठेवला आणि अंतर मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १५ मिलिमीटरने कमी केलं. शिवाय गाडी उजवीकडे जराशी कललेली असावी लागते, कारण आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो आणि साइडकारचं ओझंही तिकडेच ओढतं. हे सगळं भरल्या साइडकारने मोजायचं असतं. म्हणून सीटवर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आणि गाडीवर मी. बायकोने मागच्या रिमच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला, खाली सेंटिमीटरभराचा फरक आला. तिथे बोल्ट आवळले.

पहाटे मोकळ्या मैदानावर पहिल्यांदा चालवली तेव्हा वीस वर्षांची सवय उपयोगी पडली नाही. तिथे झुकून वळणं नाही, हँडल जोर लावून फिरवावं लागतं. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर आई नसेल तर वाळूचं पोतं आत ठेवल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. महिनाभर मैदानावरच चालवली. त्यातच साठेक किलोमीटर झाल्यावर पुढच्या वरच्या आधाराच्या डोळ्यापाशी, म्हणजे बोल्टच्या कडीपाशी, केसासारखी चीर दिसली. तो डोळा मी साइडकारच्या चौकटीच्या पाइपवर नुसता वेल्ड केला होता. चूक माझी. मेस्त्रींनी लेथवर दोन भागांचा क्लॅम्प काढून दिला, बोल्ट आवळला की पाइपला चौफेर धरणारा. पुन्हा सगळी मापं घेतली. मागचं स्प्रॉकेट जास्त दातांचं टाकलं, कारण तीन गिअरमध्ये एवढं वजन ओढताना इंजिन धापा टाकत होतं.

हेडलाइट पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, खोल वाटीचा, जड काचेचा. रंग गडद हिरवा. टाकीवरची पिवळसर रेघ एका पेंटरने मोकळ्या हाताने ओढली, श्वास रोखून, एका दमात.

चौदा महिन्यांनी, पौर्णिमेला, आई दार उघडून बसली, पदर डोक्यावरून घेतला, वर हेल्मेट घातलं आणि पाय आत घेतले. वाडीचा रस्ता सपाट. पस्तीस-चाळीसच्या वेगाने निघालो, दोनदा सावलीत थांबून इंजिन गार होऊ दिलं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने वाकून हात केला, तिनेही केला. घाटावर उतरून तिने पादुकांचं दर्शन घेतलं, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली.

घरी आल्यावर मी पाना घेऊन एकेक बोल्ट बघायला बसलो. पुढच्या वरच्या आधाराचा नट पाव फेरा फिरला. तिथे तो सैल होऊ नये म्हणून वरून दुसरा नट, चेकनट घातला. सगळं झालं तरी आई सीटवरच होती, मांडीवर बर्फीचा पुडा.

“उतरतेस ना?”

“बसते की जरा. इंजिन गार होऊ दे.”