मनिलाचा ईमेल आणि आपल्या ग्रुपवरची एपीके

मे २००० मध्ये फिलिपिन्सची राजधानी मनिलाहून एक ईमेल जगभर फिरला होता, विषयाच्या जागी आय लव्ह यू आणि सोबत एक फाईल. लोकांनी ती उघडली आणि लाखो कॉम्प्युटरची वाट लागली. ज्याने तो व्हायरस लिहिला त्या पोरावर केस टिकली नाही कारण तिथे तेव्हा तसा कायदाच नव्हता, जूनमध्ये केला.

फिलिपिन्सबद्दल वाचताना मला आपलाच भाग दिसतो. तिथली माणसं दुबई-सौदीला राबून घरी पैसा पाठवतात, मोबाईलात जीकॅश असतं, म्हणजे आपल्या फोनपेसारखं पैसे पाठवायचं अ‍ॅप. आपल्या धुळे-नंदुरबारकडची कितीतरी घरं सुरतच्या पगारावर चालतात आणि तो पगार आता फोनवरच येतो, मग चोर पण फोनवरच येणार ना.

तिथल्या सरकारने कायदे कमी केले नाहीत. २०१२ ला डेटा प्रायव्हसीचा कायदा झाला, तरी २०१६ ला निवडणूक आयोगाची वेबसाईट फोडून सुमारे साडेपाच कोटी मतदारांची माहिती बाहेर आली. २०२२ मध्ये प्रत्येक सिम रजिस्टर करायचा कायदा आणला तर पुढच्याच वर्षी तपास अधिकाऱ्यांनी सिनेटसमोर सांगितलं की माकडाचा फोटो लावूनही सिम रजिस्टर झालं!! २०२४ मध्ये फसवणुकीसाठी आपलं बँक खातं वापरायला देणं हा गुन्हा केला, हे मला फार पटलं, कारण आपल्याकडे पण पोरं चार पैशांसाठी खातं भाड्याने देतात आणि पोलीस दारात आल्यावर आईबापाला कळतं.

पण घरात बोलल्याशिवाय काही होणार नाही. पीएम किसानच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, येते, आबा-अण्णा लगेच दाबतात, कारण पाठवणारा ओळखीचाच असतो, त्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. बँकेचे इंग्रजी मेसेज कोण वाचतं? अहिराणीत सांगा, आबा, ओटीपी कोनलेच सांगू नका. आणि पैसे गेलेच तर त्यांच्यावर ओरडू नका हो, ओरडलं की माणूस लपवतो, आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला तर ते अडवता येऊ शकतात. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये मी हा नंबर सेव्ह करून देतोय, दिवाळीला सुरतची पोरं आली की त्यांच्या पण फोनमध्ये टाकणार आहे.