तूप-साखरेची पोळी

लेकीची उंची वर्षभर जागच्या जागी राहिली आणि लोहाचे औषध घेऊनही हिमोग्लोबिन चढेना, म्हणून आज सिलिअ‍ॅक रोगाच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) तपासणीसाठी तिचे रक्त दिले. आठवडाभर पोळी बंद करून पाहण्याचा माझा बेत डॉक्टरांनी आधीच मोडीत काढला होता. कारण गहू सोडला की रक्तातील प्रतिपिंडे घटत जातात आणि अहवाल फसवा येऊ शकतो. टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडासोबत एकूण आयजीएही (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायचे आहे, कारण तेच मुळात कमी असेल तर पहिला आकडा खोटा दिलासा देतो. (मागच्या तपासणीत हे कुणी सांगितलेच नव्हते.) टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा अधिक निघाले आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए हे दुसरे प्रतिपिंडही पॉझिटिव्ह आले, तर २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणे) टाळता येते. सुई टोचताना तिने माझा अंगठा घट्ट धरला होता. घरी येताच तूप-साखरेची पोळी मागितली, आणि मी ती मुकाट्याने लाटली.