पळत्याच्या मागे कॅमेरा

धावत्या स्कूटरचा फोटो सेकंदाच्या 1/1000 शटरवर काढला ना, की ती स्टँडवर लावलेली दिसते. वरचा माणूस ऑफिसला उशीर झाला म्हणून बिचारा जीव खाऊन पळतोय अन् फोटोत मात्र निवांत बसलाय, कुणाची तरी वाट बघत. मागचा राजवाडा शार्प, फुगेवाला शार्प, दुकानाची पाटी शार्प आणि सगळं मिळून फोटो एकदम मेलेला.

म्हणून मग पॅनिंगचा नाद लागला. शटर 1/30 पर्यंत खाली आणायचं आणि गाडीबरोबर आपणही वळायचं, बस्स. आता ताशी 36 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 10 मीटर जाते, म्हणजे 1/30 सेकंदात साधारण 33 सेंटीमीटर, तेवढ्या वेळात तिचा अन् आपला वेग जुळला पाहिजे, इतकंच तर आहे सगळं! पण त्यासाठी गाडी जिथे बरोब्बर समोर येणार तिकडे आधीच पाय रोवायचे, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कमरेतून वळायचं, अन् मुख्य म्हणजे क्लिक झाल्यावरही वळत राहायचं. क्लिक झालं की हात आपसूक थांबतो, ती सवय मोडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मी सकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभा राहतो. दुपारी इंदूरच्या उन्हात 1/30 ला फोटो पांढराफटक पडतो, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करत पार 16 वर न्यावं तर सेन्सरवरची धूळ टिपक्या-टिपक्यांनी दिसायला लागते. सकाळी तसं नाही, शिवाय दूधवाले जात असतात.

त्यातल्या एकाचा फोटो मला फार आवडतो. मफलर, मिशा, हँडलवरची मूठ सगळं लख्ख, चाकाचा मधला हबसुद्धा स्पष्ट, पण स्पोक गायब, कारण चाक फिरतंय ना, गाडीबरोबर नुसतं पुढे थोडीच जातंय. आणि दुधाचे कॅन खड्ड्यावरून हिंदकळलेले, म्हणून त्यांना दुहेरी कडा आल्यात. मागच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांचे, नुसते तपकिरी पट्टे. आईला दाखवला तर म्हणाली, "अरे, छत्र्या कुठायत? सगळं पुसलंयस की!" तिचंही बरोबर आहे म्हणा, पण छत्र्यांचे फोटो अख्ख्या इंदूरकडे आहेत, त्या मफलरवाल्याचा कुणाकडे असेल?

एक गंमत करून बघा, रिकाम्या रस्त्यावरून नजर एकसारखी सरकवत न्या. जमत नाही, डोळा उड्या मारत जातो. पण एखादी सायकल पकडा, तिच्यामागे तो अलगद सरकतो. पॅनिंगचंही तेच, आधी कुणीतरी एक निवडावा लागतो, तो दूर असतानाच, अन् मग तो नजरेआड होईपर्यंत सोडायचा नाही. पुलावर इतकी माणसं जातात, मी आधी कधी कुणाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

फ्रान्सचा फोटोग्राफर लार्तीग, त्याचा रेसकारचा फोटो आठवतो का, चाक अंड्यासारखं लांबट होऊन पुढे झुकलेलं अन् मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कललेले? पोरगा विशीचाही नव्हता. कॅमेरा फिरवला पण गाडी त्याच्या पुढे निघाली, आणि त्याच्या कॅमेऱ्यातल्या शटरची फट काचेच्या निगेटिव्हवरून सरकत सरकत चित्र टिपायची, म्हणून हा सगळा तिरपेपणा. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन झालं, तोवर तो सत्तरीला टेकलेला. आज ॲपमध्ये बोट फिरवून मागचं ब्लर करतात, त्यात चाकाचे स्पोक मोजता येतात, असले फोटो लगेच ओळखू येतात भिया.

आता रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, करायचीय. ती चालते मुंगीच्या पावलांनी, तिथे 1/30 काय कामाचं, 1/8 तरी लागेल. गच्चीवरून सोपं पडेल पण मागे नुसता रस्ता येतो, म्हणजे खाली गर्दीतच उभं राहणं आलं, अन् वरून टँकरचा रंग. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधीन म्हणतोय. आई म्हणते, जुना मोबाईल ने.