किल्ल्याबाहेरचं कोची

फोर्ट कोचीत उतरलेला पाहुणा आधी चिनी जाळी बघतो आणि मग व्हास्को द गामाचं रिकामं थडगं. आम्हीही तेच केलं. सेंट फ्रान्सिस चर्च दिसायला अगदी साधं. बाकांवर दोरीनं हलवायचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, याच चर्चमध्ये पुरला गेला आणि पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता फरशीतली एक शिळा आणि तिच्याभोवतीचा कठडा तेवढा उरलाय. तरी गर्दी तिथंच!

जाळी मात्र बघत बसावीत अशी. सागवान-बांबूचा प्रचंड सांगाडा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लोंबकळणारे धोंडे. एक माणूस तिरक्या वाशावरून सरळ पाण्याच्या दिशेनं चालत गेला आणि त्याच्या भारानं जाळं हळूहळू बुडालं. थोड्या वेळानं बाकीच्यांनी दोर ओढले. वर काय आलं? ओंजळभर बारीक मासळी आणि जलपर्णीचा हा एवढा गुंता. मासळीपेक्षा आमच्यासारख्या फोटोवाल्यांवरच यांचं जास्त भागत असावं.

पण खरं कोची मला भेटलं ते मट्टांचेरीत. रिक्षावाले सोडायला तयार असतात, तरी बाजार रोडनं चालतच जा. जुन्या वखारी, ट्रकमध्ये चढणारी पोती, आणि सुंठेचा असा वास की शिंका आवरत नाहीत. १३४१ च्या पुरानंतर मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि कोचीच्या खाडीचं तोंड मोठं झालं, असं सांगतात. मिरीचा व्यापार इकडे सरकला तो तेव्हापासून.

इथली मेख अशी, की किल्ला पोर्तुगीजांचा होता, पण लागूनच असलेली मट्टांचेरी कोचीच्या राजाची. पोर्तुगीजांनी ज्यांना पळायला लावलं, ती माणसं त्यांच्याच कुंपणापलीकडे येऊन राहिली. ज्यूंना राजानं आपल्या वाड्याला लागून जागा दिली. १५६८ चं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि वाड्याच्या आवारातलं देऊळ यांच्यात जेमतेम एक भिंत आहे. आत जमिनीवर चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. मान खाली घालून बघत राहिलो, दोन सारख्या सापडतात का म्हणून. सापडल्या नाहीत. बाहेरच्या मनोऱ्यावरच्या घड्याळांचे आकडे हिब्रू, रोमन, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांत.

हे सगळं फार गोड वाटू लागतं, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. याच सिनेगॉगमध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्या ज्यूंच्या वंशजांना बरोबरीनं बसू देत नसत. त्यांच्यातलेच वकील ए. बी. सालेम यांनी विसाव्या शतकात त्याविरुद्ध सत्याग्रह केला. आज सिनेगॉगची गल्ली त्यांच्याच नावानं ओळखली जाते. इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली आणि घरांची दुकानं झाली. काश्मिरी शाली, पितळी दिवे, नव्यानं जुन्या केलेल्या मूर्ती! राजाची गोष्टही निव्वळ गोड नाही. त्याचं मन मोठं असेल, पण त्याला व्यापारीही हवे होते.

तिथून चेरळाईला गेलो. हा कोकणी वस्तीचा भाग. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथं येऊन थांबले. त्यांचं तिरुमल देवस्वम् हे देऊळ पाहिल्यावर आपण मंगेशी-म्हार्दोळच्या सवयीनं दीपमाळ शोधतो, पण इथला सगळा थाट केरळी. देवळाजवळच्या एका दुकानात पापड घेत होतो. काउंटरवरच्या आजी नातवाशी कोकणीत बोलत होत्या आणि निम्मं मला सरळ कळत होतं. मी माझी मालवणी चालवून पाहिली. आजी हसल्या, हिशोब मात्र त्यांनी हिंदीत सांगितला.

याच समाजातल्या रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांनी डच अधिकारी व्हान रीडला मलबारच्या वनस्पतींच्या कामात मदत केली. झाडापाल्याचा खरा जाणकार होता इट्टी अच्युतन हा ईळव समाजातला वैद्य. या कामातून झालेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. पहिल्या खंडात या तिघा कोकणी वैद्यांनी आपल्या मदतीबद्दल दिलेलं १६७५ चं प्रमाणपत्र आहे, कोकणीत आणि नागरी अक्षरांत. गोवा सोडून शंभरेक वर्षं उलटली तरी लिपी सोबत होती. गामाच्या शिळेपेक्षा मला या कागदाचं अप्रूप जास्त.

पुढे गुजराती रोडवर जैन मंदिर लागतं, दुपारी तिथं कबुतरांना दाणे घालतात. धोबीखान्यात तमिळ वण्णार मंडळी अजून कपडे धुतात. कच्छी मेमनांकडची बिर्याणी सोडू नका.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. शुक्रवार-शनिवार सिनेगॉग पर्यटकांना बंद असतं, हे आधीच धरून चाला. आणि मुक्काम एर्नाकुळमला असेल तर येता-जाता बोटच घ्या, पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यात काही अर्थ नाही.