पंचांग, फॅन बेल्ट आणि वासरू

सोलापुरात राहून श्रद्धेविषयी शंका घेणे म्हणजे इथल्या भूगोलाशीच वैर धरणे आहे. उत्तरेला तुळजापूर, पश्चिमेला पंढरपूर, आग्नेयेला अक्कलकोट, राज्याची सीमा ओलांडून थोडे पुढे गेले की गाणगापूर, आणि शहराच्या मधोमध तलावात सिद्धेश्वराचे मंदिर. दोन दिवसांची सुट्टी लागून आली की घरात कोणत्या देवाला जायचे एवढाच प्रश्न उरतो. मी देव मानत नाही, पण प्रवास मानतो. शिवाय दर्शनाच्या रांगेबाहेर चपला सांभाळत बसण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते आणि ते मी आनंदाने करतो.

गेल्या दिवाळीत मात्र आम्ही गणपतीपुळ्याला निघालो. गाडी मेहुण्याची होती आणि दिवस पाडव्याचा. निघण्यावरून घरात जो वाद झाला तो कोणत्याही न्यायालयात शोभला असता. आत्याचे म्हणणे असे की प्रतिपदेला प्रवासाला निघू नये. मेहुण्याचे म्हणणे असे की ही बलिप्रतिपदा आहे, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त, तेव्हा आजच्या दिवसाला दोष लागत नाही. दोघांच्याही हातात एकच पंचांग होते, आणि तेही आमच्या सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग, ज्याच्या मागे शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. अखेर चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून आणि आरशाखाली लिंबू-मिरची बांधून तडजोड झाली. लिंबाचा चिकचिकाट मी पुसला, एवढाच माझा सहभाग.

मिरज मागे पडली आणि गाडीतला बॅटरीचा दिवा लागला, पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढू लागला. फॅन बेल्ट तुटला होता. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने तुटलेला तुकडा हातात धरून दाखवला: रबर वाळून त्याला आडव्या भेगा पडलेल्या होत्या, आणि उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीचे असेच होते, असे त्याने सांगितले. माझ्या दृष्टीने विषय तेथे संपला. आत्याच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. "मी सांगितले होते की नाही, प्रतिपदा आहे म्हणून?" असे ती म्हणाली. तासाभराने, नवा बेल्ट बसल्यावर आणि आंबा घाट अजून पुढे आहे हे कळल्यावर तिचेच मत बदलले: हाच पट्टा घाटात तुटला असता तर काय झाले असते, सिद्धरामेश्वरानेच वाचवले. एकाच पट्ट्याने एका तासात प्रतिपदेचा दोष आणि देवाची कृपा अशी दोन्ही कलमे सिद्ध केली. पट्टा तुटलाच नसता, तर तो लिंबाचा गुण ठरला असता.

माझी तक्रार आत्याच्या श्रद्धेबद्दल नाही. घडून गेलेल्या गोष्टीला नंतर लावलेले कारण कधी चुकतच नाही, ही माझी अडचण आहे. रोमन विचारवंत सिसेरोने प्राचीन ग्रीक नास्तिक डायगोरस याची एक गोष्ट सांगितली आहे. समुद्रातील वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडताना देवळात लावलेली चित्रे त्याला दाखवण्यात आली, तेव्हा बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत, असे त्याने विचारले. दोन हजार वर्षांत या प्रश्नात एका अक्षराचीही दुरुस्ती करावी लागलेली नाही.

तरीही लिंबू कोठे बांधले जाते आणि कोठे बांधले जात नाही, हे पाहण्यासारखे आहे. शहरातल्या शहरात, सात रस्त्यावरून नवी पेठेत जाताना कोणी नारळ फोडत नाही. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर हेच नोंदवले होते: शांत खाजणात मासे धरताना तेथील लोक केवळ आपल्या कसबावर विसंबत, आणि खुल्या समुद्रात, जेथे जीव आणि मासळी दोन्हींची शाश्वती नसे, तेथे मंत्रतंत्रांचे सगळे सोपस्कार पाळत. म्हणजे श्रद्धाळू माणूस कोठे काय चालते हे चांगले ओळखतो. आत्यानेही निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासायला लावली होती, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

विज्ञानाने प्रार्थनेची परीक्षा घेतलेली नाही असेही नाही. 2006 साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवरील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात आणि ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, 52 आणि 51 टक्के. या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटाला मात्र ते खात्रीने सांगितले होते, आणि त्या गटात हे प्रमाण 59 टक्के भरले. माझ्यासारख्या माणसाला हा आकडा मिरवावासा वाटतो, पण प्रार्थनेने अपाय होतो असा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे आत्याचेच काम मी करणे होय. तिसऱ्या गटाचा फरक कदाचित काळजीचा असेल, कदाचित योगायोगाचा. प्रयोगातून पक्के कळते ते इतकेच की अपेक्षित लाभ दिसला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आदर वाटतो तो, आश्चर्य वाटेल, गड्ड्याच्या यात्रेतील वासराबद्दल. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि होमविधी यांबरोबर भाकणूकही होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्ये, गूळ, गाजर, बोरे, खोबरे, विड्याचे पान अशा वस्तू मांडल्या जातात. ते कशाला तोंड लावते, कशाला लावत नाही, बिथरते की शांत राहते, मूत्रविसर्जन करते की नाही, यावरून येत्या वर्षीचा पाऊस कसा होईल आणि कोणता माल महागेल हे मानकरी हिरेहब्बू सांगतात. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येते. उपाशी वासराने गाजर खाल्ले तर त्याला भूक लागली होती, यापलीकडे मला काही दिसत नाही. पण वासराचे बोलणे जानेवारीत होते आणि पाऊस जूननंतर पडतो. नारळ आणि प्रतिपदा ज्या धोक्यापासून स्वतःला जपतात, तो धोका वासरू पत्करते. ते आधी बोलते. पंचांगाचेही तसेच: त्यातली ग्रहणाची वेळ घड्याळ लावून तपासता येते आणि ती बरोबर निघते, त्याच पानावरच्या शुभाशुभाला मात्र घड्याळ लावता येत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे तर याच सोलापूरच्या आकाशातली दुसरी भाकणूकही सांगितली पाहिजे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा, वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा प्रयोग येथे केला. 276 ढग निवडले गेले. त्यांतल्या कोणत्या ढगात विमानातून क्षाराचे कण सोडायचे आणि कोणता तसाच ठेवायचा, हे शास्त्रज्ञांनी आपल्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले, कारण ज्याच्या हाती निवड असते तो नकळत पावसाळी ढगच निवडतो. काही वर्षांनी निकाल आला: वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात सरासरी 18 टक्के अधिक पाऊस, तोही योग्य ढग असतील तरच. कोरड्या आकाशातून पाऊस काढण्याचा दावा कोणी केला नाही. यात्रेत हे वाक्य मोठ्याने सांगितले तर टाळ्या पडणार नाहीत, हे मान्य. वासरू एका संध्याकाळी निकाल देते आणि संस्था चार वर्षे घेते.

हे सगळे मी आत्याला समजावून सांगितले आणि एक प्रस्ताव मांडला की वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे काढून दर वर्षीची भाकणूक एका रकान्यात लिहावी, शेजारी त्या वर्षाचा नोंदलेला पाऊस लिहावा, आणि वासरू किती वेळा बरोबर आले ते मोजावे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, वासरू दर वर्षी वेगळे असते. गेल्या वर्षीच्या वासराची चूक यंदाच्या वासराच्या माथी कशी मारणार?" आक्षेप संख्याशास्त्राच्या प्राध्यापकालाही विचारात घ्यावा लागेल असा आहे, आणि कात्रणे जमवण्याचे काम सध्या त्यावरच अडले आहे.